बोर्डाखालचं दही

चारही स्क्रू निघाले तरी बोर्ड भिंतीवरून सुटेना. यादवने पेचकस खालच्या कडेत घातला आणि जोर केला. लाकूड करकरलं, चुन्याच्या पोपड्या त्याच्या तोंडावर उडाल्या आणि बोर्ड एकदाचा हातात आला. हातात आला तसा त्याने तो घाईने फळीवर टेकवला. लाइट मघाशीच बंद केली होती. मीटरजवळच्या कटआउटची चिनी मातीची मूठ काढून त्याने शर्टाच्या खिशात ठेवली होती, कामात असताना कोणी चुकून लावू नये म्हणून. तरी बोर्ड अजून पोळत होता.

“भाजलं का, भाऊ?” मंदाने विचारलं. ती चुलीपुढे सांजोऱ्यांचं सारण परतत होती.

“सवय आहे,” यादव म्हणाला आणि बोटं विजारीला पुसली.

ओसरीवरून नानांचा, मंदाच्या सासऱ्यांचा, आवाज आला. “काय रे यादव, निंघना का नही अजून? का मुक्काम शे आज?”

“निघाला, नाना.”

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तानुबाई, मंदाची सासू, पाटावर बसून होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. माणसं तिला सावल्यांसारखी दिसायची, पण ह्या सावलीवर तिची बरोबर नजर होती. तिच्याजवळ तांब्या होता आणि तांब्यात गोमूत्र. एरवी यादव ह्या घराच्या ओसरीची पायरी चढत नसे. त्याचा चहा कान तुटलेल्या कपात यायचा आणि तो कप बाहेरच्या कोनाड्यातच राहायचा. पण वीज बिघडली की यादवला थेट चुलीपर्यंत वाट होती. तो गेला की तानुबाई शिंपडायची. विजेचा हात लागला तर माणूस मरतो आणि यादवचा लागला तर घर बाटतं. त्यामुळे एकाच्या भीतीपोटी दुसऱ्याला आत घ्यायचं, ही ह्या घराने काढलेली तोड होती. गावात ती सगळ्यांनाच शहाणपणाची वाटायची.

मंदा ह्या घरात आली तिला तीन वर्षं होत होती. बोर्ड तापतो, हे ती पहिल्या थंडीपासून सांगत होती. तिचं माहेर जामनेरकडचं. तिथे थंडीत खोबरेलाची बाटली दगड व्हायची, उन्हात ठेवल्याशिवाय तेल निघायचं नाही. इथे बोर्डाखालच्या फळीवरची बाटली ऐन पौषात पाण्यासारखी पातळ. तिने नवऱ्याला, लीलाधरला, सांगितलं. तो धुळ्याला नोकरीला, शनिवारी यायचा, सोमवारी पहिल्या एसटीने जायचा. तो म्हणाला, नानांना विचार. तिने नानांना विचारलं.

“तापस ते तापू दे,” नाना म्हणाले. “इस्तू ते नही ना लागी राहिना? जामनेरना लोकेसले विजेनं काय समजस?”

गोठ्यात कडबा कापायची कुट्टी होती. तिची मोटर घरच्याच बोर्डावरून चालायची. कुट्टी लावली की घरातले बल्ब पिवळे पडायचे आणि बोर्डातून गुणगुण यायची, कोंडलेल्या माशीसारखी. पहिल्यांदा फ्यूज सारखा उडायचा म्हणे. मग नानांनी फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी खांबावरून आणतात त्या केबलीतली जाड तार पिळून घातली. तेव्हापासून गावभर अंधार झाला तरच ह्या घरात अंधार. “आमना घरमा फ्यूज उडस नही,” नाना चावडीवर सांगायचे, जशी काही ती घराण्याची रीतच.

आणि बोर्ड तापतो ह्याचं घरात कोणाला काही वाटत नव्हतं, उलट त्याचा उपयोग होता. मंदाचं दही सुरुवातीला लागेना. थंडीत नुसतं पाणी सुटायचं. तानुबाईने बोट बुडवून चाटलं आणि थुंकली.

“पुष्पाना हातले दही लागे,” ती म्हणाली. “सुरीघाई कापा असं. तुना हातले काय लागस?”

मग तिनेच दाखवलं, पुष्पा गाडगं कुठे ठेवायची ते. बोर्डाखालच्या फळीवर, भिंतीला चिकटवून. त्या रात्रीपासून मंदाचं दही घट्ट लागू लागलं. शेजारणी विरजण मागायला यायच्या.

पुष्पा म्हणजे लीलाधरची पहिली बायको. मंदाच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात तिच्या नावाची चांदीची पुतळी होती. दुसरेपणावर आलेल्या बाईने ती घालायचीच असते. सणाला आधी तिला हळदकुंकू, तिला घास, मग आपल्याला. पुष्पा जळून मेली. स्टोव्ह भडकला, नायलॉनच्या साडीचा पदर पेटला, असं नानांनी सांगितलं. सरकारी कागदावर तेच उतरलं आणि गावाच्या तोंडीही तेच बसलं. पोर धांदरट होती. दहाव्याला नानांनी सगळ्या पाहुण्यांसमोर तो स्टोव्ह उचलला आणि विहिरीत फेकला. “मनी लक्ष्मी खादी ह्यानी,” असं म्हणून ते विहिरीच्या काठावर बसले. माणसांनी त्यांना धरून घरी आणलं. विहिरीने स्टोव्ह गिळला आणि पुन्हा गप्प झाली.

तेव्हापासून ह्या घरात चूल. मंदाने स्टोव्हचं नाव काढलं की तानुबाई म्हणायची, एकीनं घर जाळं, आता तू जाळ.

आता बोर्ड बदलायचं निघालं तेही मंदाने सांगितलं म्हणून नाही. लीलाधरने धुळ्याहून टीव्ही आणला होता. उद्याच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नानांची लेक आणि जावई यायचे होते. परवा नानांनी टीव्ही लावून पाहिला. गोठ्यात कुट्टी सुरू झाली तसं चित्र आक्रसून ताटलीएवढं झालं, आणि स्वयंपाकघरात बोर्डावरचं एक बटण मेणासारखं ओघळलं. वास सुटला. चित्र गेलं. सुनेच्या डोक्यावर तीन वर्षं विस्तव टांगलेला होता तो चालत होता. जावयापुढे टीव्हीचं चित्र गेलं असतं तर मात्र नाक गेलं असतं. दुसऱ्याच दिवशी यादवला सांगावा गेला. नवा बोर्ड ओसरीवर, मीटरच्या शेजारी बसवायचा ठरलं, म्हणजे टीव्ही जवळ पडेल.

“वहिनी, जरा उजेड करता का?” यादव म्हणाला.

मंदाने चुलीतलं जळतं लाकूड नेलं असतं, पण थांबली. चिमणी पेटवून त्याच्या हातात दिली. बोर्डाच्या जागेवर भिंत काळी होती. बोर्डाच्या मापाचा काळा चौकोन, आणि चारही कडांना चुना जाड, बशीच्या काठासारखा. यादवने चिमणी जवळ नेली आणि लगेच मागे घेतली.

“काय देखी राहिना?” नाना स्वतः आत आले होते. उंच, सरळ, पांढरं धोतर, कानात अत्तराचा फाया. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग यादवकडे पाहिलं. यादव पेचकस पिशवीत घालायला खाली वाकला.

“ते जुनं शे,” नाना म्हणाले. कोणी काही विचारलं नव्हतं.

“हो, नाना.”

“सूनबाई, सांजोऱ्या मांगून कर. पहिले ह्या भिंतले पोतारा मार. दोन हात मार, तीन मार. भिकुबाई येवाना पहिले झाया पाहिजे.”

भिकुबाई म्हणजे पुष्पाची आई. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. आखाजीला सगळ्या लेकींना माहेरून मूळ येतं, भाऊ नाहीतर बाप न्यायला येतो. पुष्पाला भाऊ नव्हता आणि बापही नव्हता. लेक गेल्यावर तिच्या जागी आलेली तीच आपली लेक, म्हणून ही बाई दरवर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी दोन एसट्या बदलून मंदाला न्यायला यायची; रात्री मुक्काम करून, आखाजीची पूजा आटोपली की तिला घेऊन निघायची. घागरीवर ठेवायचं डांगर, म्हणजे खरबूज, ती आपल्या शेतातलं आणायची. मेलेल्यांच्या नावाने घागर भरतात, तिच्यावर डांगर ठेवतात, चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी टाकतात. पोटची पोर जळून मेली आणि तिचा घास पुन्हा विस्तवातच टाकायचा. भिकुबाई तो आपल्या हाताने टाकायची.

पण त्याआधी ती आणखी एक गोष्ट करायची. ओसरीवर आल्या आल्या, पाणीसुद्धा न पिता, नानांपुढे हात जोडायची. दरवर्षी तेच वाक्य. “नाना, मनी पोरनी तुमना घरले डाग लाया. माफी करा.” आणि नाना दरवर्षी मोठ्या मनाने म्हणायचे, “जाऊ द्या, भिकुबाई. व्हनार ते व्हई गयं.” मग ओसरीवर बसलेली माणसं माना हलवायची. काय मन आहे नानांचं, असं एखादा म्हणायचा.

मंदाने हे दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा ती दाराआड उभी होती.

यादव ओसरीवर गेला. मंदाने कढई उतरवली, बादलीत चुन्याची ढेकळं टाकून पाणी ओतलं. चुना फसफसला. तो निवेपर्यंत ती दारात उभी राहून पाहत होती. नवा बोर्ड नानांच्या खाटेच्या वर बसला. नवं लाकूड, पांढरीशुभ्र बटणं. यादवने पिशवीतून बारीक तारेचं रीळ काढलं.

“हे काय?” नाना खाटेवरून म्हणाले.

“फ्यूजची तार, नाना. ह्या वेळी बारीकच राहू द्या.”

“आनि जावई टीव्ही देखी राहिनात, तेवढामा अंधार झाया ते? गावमा हसू करशी मनं? जुनी काढ ना त्या बोर्डमाईन. चांगली शे.”

“नाना, मी काय म्हणतो…”

“तू काय म्हनस ते खांबवरना दिवाले जाईसन सांग.”

खाटेशी खाली बसलेला गडी हसला. यादवही थोडा हसला. गावातल्या खांबांचे दिवे लावायचं-काढायचं काम त्याच्याकडे होतं ते नानांच्या शब्दावर, आणि हे त्याला रोज आठवण करून द्यावं लागत नव्हतं, तरी दिली जायची. त्याने रीळ परत पिशवीत टाकलं. जुन्या बोर्डातली काळी पडलेली जाड तार उपसली, पक्कडीने सरळ केली, आणि नव्या फ्यूजमध्ये पिळली.

मंदाने ते पाहिलं. नानांची उशी नव्या बोर्डाच्या बरोबर खाली होती, हेही पाहिलं. तीन वर्षं ती सांगत आली होती. आज तिने काही सांगितलं नाही. ती आत गेली.

पोतारा मारायच्या आधी जुना चुना खरवडावा लागतो. नाहीतर नवा धरत नाही, आठ दिवसांत पोपडे सुटतात. ही गोष्ट नानांना ठाऊक नसावी, कारण त्यांनी जन्मात भिंतीला हात लावला नव्हता. मंदाने उलथनं घेतलं आणि चौकोनाच्या वरच्या कडेपासून सुरुवात केली. चुन्याचा थर सुटून पडला. खाली काळं. तिने आणखी वर खरवडलं. तिथेही काळं. ती पाटावर चढली, मग पाटावर डबा ठेवून त्यावर चढली. काळं वरवर जात होतं, वर जाताना रुंद होत होतं. आढ्याच्या लाकडापर्यंत गेलं, आणि लाकूडही एका बाजूने कोळशासारखं कुरतडलेलं होतं. तिच्या केसांत, भुवयांवर चुन्याची भुकटी बसली. ती खाली उतरली.

समोरच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, स्टोव्हचा ओटा होता. आता त्याच्यावर पाण्याच्या कळश्या होत्या. मंदाने कळश्या खाली ठेवल्या आणि त्या भिंतीवर उलथनं टेकवलं. चुना निघाला. त्याच्याखाली जुना चुना. त्याच्याखाली त्याहून जुना, निळसर, नीळ घातलेला. त्याच्याखाली पांढरी माती. मग नुसती माती. कुठे धुराची रेघसुद्धा नव्हती.

तिने तिथेच बसून घेतलं. हात गळ्यातल्या पुतळीवर गेला, आणि चुन्याने पुतळी पांढरी झाली.

“वहिनी, माझी पक्कड राहिली,” म्हणत यादव दारात आला. त्याने भिंत पाहिली. आधी एक, मग दुसरी.

“खरवडायचं नव्हतं,” तो म्हणाला.

“पोतारा मारायचा तर खरवडावं लागते.”

यादवने उंबऱ्याकडे पाहिलं. तानुबाई उंबऱ्यावर नव्हती, गोवऱ्या आणायला मागे गेली होती. गोमूत्राचा तांब्या तसाच होता.

“मागचा बोर्ड कोणी बसवला होता, यादवभाऊ?”

“मीच.”

“तवा हे असंच होतं?”

त्याने फळीवरची पक्कड उचलली आणि उघडझाप करून पाहिली, जशी ती आजच विकत घेतली असावी. “नानांनी तीन हात चुना मारायला लावला होता. दार लावून. घरातल्या कोणाला सांगितलं नाही, भावकीला नाही, मला सांगितलं. माझ्या तोंडावर कोण विश्वास ठेवणार म्हणून.” त्याने पक्कड मिटली. “पूर्ण दिवस ह्या स्वयंपाकघरात होतो मी, वहिनी. त्या दिवशी कोणी बाटलं नाही.”

“आन् ती?”

“मी नव्हतो तेव्हा.”

“तरी.”

“बोर्ड पेटला असेल. पदराने विझवायला गेली असेल. नायलॉन होतं. जाड तार होती, उडाली नाही. उडाली असती तर सगळं तिथेच थांबलं असतं.” तो हे भिंतीशी बोलत होता. “कुट्टी चालू होती. गडी नव्हता, नाना स्वतः होते गोठ्यात. आवाजात हाक ऐकू गेली नसेल.”

“आन् आता ओसरीवर कोणती तार घातली?”

यादवने तिच्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. त्या नजरेत लाज होती की राग होता, हे सांगता येत नाही. गरीब माणसाला ह्या दोन्ही गोष्टी एकाच भांड्यात शिजवाव्या लागतात.

“मला दोन पोरी आहेत,” तो म्हणाला आणि गेला. जाताना त्याचा पाय तांब्याला लागला. गोमूत्र उंबऱ्यावर सांडलं. त्याने मागे पाहिलं नाही.

मंदाने कुंचला बादलीत बुडवला.

तिने आधी स्टोव्हचा कोपरा केला. मग खिडकीची भिंत, मग दाराची. चुलीमागची भिंत दोनदा केली. उन्हाळ्याचा चुना लगेच सुकत होता आणि सुकेल तसा पांढरा होत होता, डोळ्यांना झोंबेल असा. तानुबाई गोवऱ्या घेऊन आली आणि उंबऱ्याशी थबकली.

“इतलं उजेड कसानं?”

“पोतारा मारला, आत्याबाई.”

“बठ्ठा झाया का? चारी भिंती?”

मंदाने कुंचला बादलीच्या काठावर निथळला. “झालं,” ती म्हणाली.

तानुबाईने सांडलेल्या तांब्याला हाताने चाचपलं, यादवच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पाट ओढून बसली. मंदाने बादली मागे नेऊन उरलेला चुना न्हाणीत ओतून दिला. मग फळीवरचं दह्याचं गाडगं, खोबरेलाची बाटली, सगळं जसं होतं तसं परत ठेवलं.

दुपार कलली तेव्हा भिकुबाई आली. एसटी फाट्यावर सोडते, तिथून चालत. ठेंगणी, वाळलेली, नऊवारीचा काष्टा, तळपाय धुळीने पांढरे. काखेत फडक्यात बांधलेलं डांगर. ओसरीवर टीव्ही लागला होता. वर धाब्यावर गडी अँटेनाची काठी फिरवत होता आणि नाना खालून ओरडत होते, “डावीकडे! तुनी डावी कोनती शे रे भो?” पडद्यावर मुंग्याच मुंग्या. चार-पाच शेजारी जमून त्या मुंग्यांकडेच कौतुकाने पाहत होते. गोठ्यात दुसऱ्या गड्याने कुट्टी सुरू केली होती. घरघर चालू होती.

भिकुबाई पायरीशी उभी राहिली. तिने डांगर खाली ठेवलं, हात जोडले. “नाना…”

“माय,” मंदा आतून पुढे आली. “आधी पाणी प्या. आत या.”

“पानी आठेच, ओसरीवर आन ना,” नाना पडद्यावरून नजर न काढता म्हणाले.

“उन्हाची आली आहे माय. हातपाय धुवून घेईल.” मंदाने म्हातारीचं मनगट धरलं. धरलं ते सोडलं नाही. दुसऱ्या हाताने डांगर उचललं. शेजाऱ्यांपुढे सुनेच्या हातून पाहुणी ओढून घ्यायची कशी?

स्वयंपाकघरात ओल्या चुन्याचा वास होता. उन्हातून आलेल्या भिकुबाईने आधी डोळे मिचकावले. तीन भिंती पांढऱ्या, आणि चौथीवर फळीपासून आढ्यापर्यंत उभं, रुंदावत गेलेलं काळं. पांढऱ्यामुळे ते सकाळपेक्षा जास्त काळं दिसत होतं. कोणीतरी उभं असल्यासारखं.

मंदाने तिला आधी खिडकीखाली नेलं. कळश्यांच्या ओट्यावर हात ठेवला.

“स्टोव्ह इथं होता,” ती हळू म्हणाली.

भिकुबाईने ओट्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. तिला काही कळलं नाही. मग मंदाने तिला समोर नेलं.

“बोर्ड इथं होता. आजच काढला.”

म्हातारी त्या काळ्याकडे पाहत राहिली. उंबऱ्यावरून तानुबाईने विचारलं, “कोन, भिकुबाई शे का? उन्यात का?” भिकुबाईची नजर भिंतीवरून खाली फळीवर आली. गाडग्यावर थांबली.

“दही आठेच लावतीस?” तिने विचारलं.

“इथंच. तापते ना हे. बोर्डाखाली चांगलं लागते.”

भिकुबाईचे ओठ हलले. मग आवाज आला तो दुसऱ्याच कोणाचा असावा इतका तरणा होता. “मनी पोर सांगे. शेवटनी आखाजीले उनती, तवय सांगे. माय, आमना घरमा थंडीमा बी दही लागस, बोर्डखाले. सासू खूश शे म्हने.” तिने गाडग्याला बोट लावलं. “मी सांगं, पोरी, तुनं नशीब.”

तिने हात उचलला आणि पंजा सगळा त्या काळ्यावर टेकवला, आजारी पोराच्या कपाळावर टेकवावा तसा. काढला. पाहिला. तळहात काळा झाला होता, रेषांसकट. मंदाने पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हातारीने मान हलवली. तिने पाणी प्यायलं नाही आणि हातही धुतला नाही.

ती ओसरीवर आली. मंदा तिच्या मागे आली आणि ह्या वेळी दाराआड राहिली नाही. टीव्हीवर मुंग्यांमधून एका बाईचं तोंड उमटू लागलं होतं. शेजारी वाकून पाहत होते. नानांनी भिकुबाईला पाहिलं, आणि तिने अजून तोंड उघडलं नव्हतं तरी सवयीने म्हणाले, “जाऊ द्या, भिकुबाई. व्हनार ते व्हई गयं.”

भिकुबाईने हात जोडले नाहीत. तो एक पंजा तिने नानांपुढे धरला, सगळ्यांना दिसेल असा.

“नाना,” ती म्हणाली, “चुना कमी पडना का?”

शेजाऱ्यांपैकी एकाने पंजाकडे पाहिलं, मग दुसऱ्याने. पडद्याकडे कोणी पाहीना. गोठ्यात कुट्टी घरघरत होती. टीव्ही बंद करावा म्हणून नानांनी भिंतीकडे न बघता मागे हात नेला. हात नव्या बोर्डावर पडला, आणि त्यांनी तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.